डिमेन्शियाच्या रुग्णासाठी निवासी केंद्र निवडताना: आधी माणसं जोडा, मग जागा बघा

हा निर्णय बहुतेक घरांत हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये होतो. आई रात्री बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, परवा डिस्चार्ज आहे आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बिनलिफ्टच्या घरात तिचं करणार कोण, हे सगळे एकमेकांना विचारताहेत. ओळखीतलं कुणीतरी एक नंबर देतं, धाकटा मुलगा जाऊन बघून येतो, 'स्वच्छ आहे' म्हणतो, डिपॉझिट भरलं जातं. काही महिन्यांत तक्रारी सुरू होतात. केंद्रात मराठी बोलणारं कुणी नाही, बिल ठरल्यापेक्षा जास्त येतंय, अमेरिकेतली बहीण 'मला विचारलंच नाही' म्हणतेय आणि आईच्या खात्यातून पैसे निघत नाहीत.

यातल्या बहुतेक अडचणी क्रम चुकल्यानं येतात. लोक जागेपासून सुरुवात करतात. सुरुवात करायची ती मदतीपासून: सल्ला कोण देईल, सही कोण करेल, भेटायला कोण जाईल. खालचे टप्पे त्या क्रमानं आहेत. चौथा टप्पा कंटाळवाणा आहे आणि नेमका तोच वगळला जातो.

## टप्पा १: निदान कागदावर आणा

'वयानुसार विसरतात' किंवा 'अल्झायमर आहे बहुतेक' एवढ्यावर केंद्र शोधू नका. न्यूरॉलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ किंवा वृद्धरोगतज्ज्ञ यांच्यापैकी एकाकडून एक पानी लेखी टिपण घ्या. त्यात या गोष्टी हव्यात: डिमेन्शियाचा प्रकार, सध्याची अवस्था, कोणती कामं स्वतः करता येतात, वर्तनाच्या अडचणी (रात्री जागणं, घराबाहेर निघून जाणं, संशय, मारायला धावणं), चालू औषधं आणि त्यांचे डोस.

प्रकार लिहून घेण्याला कारण आहे. लुई बॉडी प्रकारच्या डिमेन्शियात हॅलोपेरिडॉलसारखी शांत करणारी औषधं शरीराला घातक ठरू शकतात. केंद्रातल्या रात्रपाळीच्या डॉक्टरला हे माहीत नसेल आणि फाइलवरही नसेल, तर आपला माणूस दोन दिवसांत अंथरुणाला खिळू शकतो. अशी औषधं चालणार नसतील तर फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहा.

थांबा: तब्येत गेल्या काही दिवसांत एकदम बिघडली असेल, कालपर्यंत ओळखणारे बाबा आज बरळत असतील, तर केंद्र शोधणं बाजूला ठेवा. लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, बद्धकोष्ठता, नवं औषध, डोक्याला लागलेला मार यांमुळे असा गोंधळ होतो आणि तो पुष्कळदा उपचारानं कमी होतो. बी-१२, थायरॉइड आणि नैराश्य यांची तपासणीही एकदा झालेली असावी. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतली अवस्था कायमची धरून आयुष्यभराचा निर्णय घेऊ नका.

## टप्पा २: मदत करणाऱ्यांची यादी करा

एक वही घ्या. पाच प्रकारची माणसं शोधायची आहेत.

याच वाटेवरून गेलेली कुटुंबं. यांच्याइतका उपयोग कुणाचाच होत नाही. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया, म्हणजे एआरडीएसआय, ही १९९२ पासून काम करणारी संस्था आहे. मुंबईसह अनेक शहरांत तिच्या शाखा आहेत. मुंबईत डिग्निटी फाउंडेशन डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी दिवसाचं केंद्र चालवतं. अशा ठिकाणी इतर काळजीवाहक भेटतात. मोठ्या हॉस्पिटलच्या मेमरी क्लिनिकबाहेर बसलेली माणसंसुद्धा बोलकी असतात. त्यांना 'चांगलं केंद्र कोणतं' असं विचारू नका, उत्तर 'तसं बरं आहे' असंच येतं. 'तुम्ही कोणतं केंद्र सोडलंत आणि का' असं विचारा.

हॉस्पिटलमधले वैद्यकीय समाजसेवक. सरकारी, महापालिकेच्या आणि मोठ्या ट्रस्टच्या हॉस्पिटलांत हा विभाग असतो, पण 'तो गरिबांसाठी' असं समजून मध्यमवर्गीय कुटुंबं तिकडे फिरकत नाहीत. डिस्चार्जनंतर पेशंट कुठे जातात, हे या मंडळींना ठाऊक असतं. पैशांची ओढाताण असेल तर महाराष्ट्रातल्या धर्मादाय हॉस्पिटलांत निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा राखीव असतात, त्याचीही चौकशी इथेच होते. ही सवलत हॉस्पिटलमधल्या उपचारांपुरती आहे, निवासी केंद्राच्या फीला लागू नाही.

हेल्पलाइन. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय एल्डरलाइन १४५६७ सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते; वृद्धाश्रमांची माहिती, कायदेशीर मार्गदर्शन आणि धीर देणं अशी कामं ती करते. तुमची स्वतःची झोप उडाली असेल, रडू आवरत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास आहे. तो फक्त 'पेशंट'साठी आहे असं समजू नका.

फॅमिली डॉक्टर आणि ज्येष्ठ नागरिक संघ. घराचा इतिहास माहीत असलेला डॉक्टर पुढच्या टप्प्यातल्या बैठकीत कामी येतो. संघातल्या मंडळींकडे आसपासच्या केंद्रांबद्दलची कट्ट्यावरची माहिती असते. त्यातली निम्मी ऐकीव असते हे धरून चाला.

एक वकील, मालमत्ता आणि वारसा या विषयांतला. त्याच्याकडे काय न्यायचं ते चौथ्या टप्प्यात.

सावध: 'मोफत मार्गदर्शन' करून दोन-तीन केंद्रं सुचवणाऱ्या मध्यस्थांना सरळ विचारा, 'तुम्हाला केंद्राकडून पैसे मिळतात का?' मिळत असतील तर त्यांची यादी वाचा, पण सल्ला दुसऱ्याचा घ्या.

## टप्पा ३: घरातली बैठक, एकदाच आणि नीट

सगळी भावंडं, त्यांचे जोडीदार आणि प्रत्यक्ष करणारी व्यक्ती यांना एकत्र बसवा. परदेशातल्यांना व्हिडिओ कॉलवर घ्या. रोज डायपर बदलणारी सून बैठकीत चहा देत फिरतेय आणि महिन्यातून एकदा फोन करणारा मुलगा 'आईला कुठेही ठेवायचं नाही' असं सुनावतोय, हे चित्र इतकं नेहमीचं आहे की त्यावर नियमच करावा: जो रात्री उठतो त्यानं आधी बोलायचं.

बैठकीत पाच गोष्टी ठरवून लिहा:

१. वैद्यकीय निर्णयासाठी केंद्रानं फोन कुणाला करायचा. एकच नाव, आणि तो उचलला नाही तर दुसरं.
२. दर महिन्याला कोण किती देणार आणि कोणत्या तारखेला.
३. भेटायला कोण, कधी जाणार.
४. केंद्राशी बिलाबद्दल कोण बोलणार. पैसे देणारा आणि भेटायला जाणारा यांना एकमेकांचं काम कळलं पाहिजे.
५. किती दिवसांनी पुन्हा बसून आढावा घ्यायचा.

भांडण होणार हे दिसत असेल तर फॅमिली डॉक्टरला किंवा समुपदेशकाला मध्ये बसवा. मामा किंवा काका शक्यतो नकोत. त्यांची बाजू बहुधा आधीच ठरलेली असते.

आणि ज्यांच्याबद्दल हे चाललंय त्यांना विचारा. सुरुवातीच्या किंवा मधल्या अवस्थेतला माणूस 'खोलीत एकटी नको', 'देवघर जवळ हवं', 'मला मासे लागतात' एवढं नक्की सांगतो. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल तिऱ्हाइतासारखं बोलू नका. शब्द विसरले तरी सूर कळतो.

## टप्पा ४: कागद आणि पैसे

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज असा, की 'बाबांनी माझ्या नावानं पॉवर ऑफ अॅटर्नी केली आहे, आता काळजी नाही.' भारतात कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते कायद्यानं संपतं. ते गरजेच्या नेमक्या वेळी उपयोगी पडत नाही.

म्हणून समज शाबूत असताना, म्हणजे निदान झाल्याबरोबर, हे करून घ्या:

- बँक खातं संयुक्त, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीचं, म्हणजे दोघांपैकी कुणा एकाच्या सहीवर चालणारं. मुदत ठेवींचंही तेच. सगळीकडे नामांकन.
- मृत्युपत्र, आणि त्याच दिवसाचं डॉक्टरचं 'समज आहे' असं प्रमाणपत्र.
- मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार नामनिर्देशित प्रतिनिधी. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा पुरतो. उपचारांच्या निर्णयात केंद्राला या व्यक्तीशी बोलावं लागतं.
- शेवटच्या आजारात व्हेंटिलेटर, नळीतून अन्न वगैरे हवं की नको याचं वैद्यकीय इच्छापत्र. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या सुधारणेनंतर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते करता येतं.

समज आधीच गेली असेल तर? बँकेत अंगठा उठवून पैसे काढण्याची सोय हात न चालणाऱ्यांसाठी आहे. व्यवहारच कळत नसलेल्या माणसाचा अंगठा धरून उठवणं हा वेगळाच, गंभीर मामला होतो. अशा वेळी उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयानं डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी कुटुंबीयांना असं नेमलं आहे. याला वेळ आणि पैसा दोन्ही लागतो, तेव्हा वकिलाकडे केंद्र शोधण्याआधी जा. काही जण नॅशनल ट्रस्टच्या स्थानिक समितीकडे पालकत्व मागायला जातात. तो १९९९ चा कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. डिमेन्शियासाठी तिथला हेलपाटा फुकट जातो.

सावध: निदानानंतर घाईनं करून घेतलेलं बक्षीसपत्र भावंडांत कोर्टकज्जा लावतं. 'केंद्राचा खर्च मी करतो, फ्लॅट माझ्या नावावर करा' असा सौदा कुणी मांडला, तर सही होण्याआधी वकील बोलावा.

पेन्शन असेल तर हयातीचा दाखला लक्षात ठेवा. सरकारी पेन्शनसाठी तो नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो. ८० वर्षांवरच्या केंद्र सरकारी पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. जीवन प्रमाणची, म्हणजे डिजिटल हयातीच्या दाखल्याची, सोय आता चेहरा ओळखूनही होते आणि पोस्टमन घरी किंवा केंद्रात येऊन ते करून देऊ शकतो. बोटांचे ठसे उमटत नसलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी हा मोठाच दिलासा आहे.

खर्चाबद्दल दोन अपेक्षाभंग आताच करून घ्या. आरोग्यविमा हॉस्पिटलचा खर्च देतो, निवासी केंद्राची महिन्याची फी देत नाही. ७० वर्षांवरच्यांना मिळणाऱ्या आयुष्मान कार्डाचे ५ लाखही हॉस्पिटलच्या उपचारांसाठीच आहेत. आयकराच्या जुन्या पद्धतीत मात्र डिमेन्शियावरच्या उपचारखर्चाची ८०डीडीबी म्हणून ओळखली जाणारी वजावट ज्येष्ठांसाठी १ लाखापर्यंत मिळते. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असल्याचं प्रमाणित झालेलं लागतं आणि न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी लागते. सीएला विचारा.

## टप्पा ५: केंद्र खरंच लागणार का, ते एकदा तपासा

ब्युरोची मावशी, दिवसाचं केंद्र, महिन्यातून चार दिवस तात्पुरता मुक्काम, यांतलं काही अजून करून पाहिलं नसेल तर पाहा. पण पुढच्या तीनपैकी एक गोष्ट घडत असेल तर स्वतःला आणखी ताणू नका: रुग्ण रात्री घराबाहेर जातो; करणाऱ्याची स्वतःची तब्येत ढासळली आहे; किंवा चिडून हात उगारला गेला आहे, कुणाचाही.

## टप्पा ६: केंद्राला भेट, तीही दोनदा

पहिली भेट वेळ ठरवून द्या. दुसरी न कळवता, संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान. डिमेन्शियातली अस्वस्थता दिवस मावळताना वाढते आणि पाळी बदलण्याची वेळही पुष्कळ ठिकाणी तीच असते. सकाळी अकराला सगळीच केंद्रं छान दिसतात.

काय बघाल? रिसेप्शन बघू नका, संडास बघा. कठडे, कोरडी फरशी, उजेड. लोकांची मनगटं आणि घोटे बघा: पट्टीचे वळ आहेत का? किती जण खुर्चीत मान टाकून झोपलेत? दिवसाढवळ्या सगळं केंद्र शांत असेल तर ते शिस्तीमुळे आहे की औषधांमुळे, हे विचारा. जेवायला वाढलेलं ताट कुणी भरवतंय का, की अर्धं तसंच उचललं जातंय? मावश्या आणि ब्रदर लोकांशी नावानं बोलतात का?

भाषेचा मुद्दा लोक शेवटी आठवतात, तो वर घ्या. डिमेन्शियात नंतर शिकलेल्या भाषा बहुधा आधी निसटतात आणि माणूस मातृभाषेवर येतो. आयुष्यभर बँकेत इंग्रजी बोललेले बाबा आता फक्त मालवणीत पाणी मागत असतील, तर बंगळूरच्या उत्तम केंद्रातही ते तहानलेले राहतील.

मग ऑफिसात बसून हे विचारा:

- राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का? प्रमाणपत्र दाखवा.
- रात्री दोन वाजता किती माणसं जागी असतात, किती रुग्णांमागे? 'स्टाफ एकूण किती' हे उत्तर घेऊ नका.
- बांधून ठेवता का? कायद्यानं हा उपाय फक्त लगेच इजा होण्याचा धोका टाळण्यासाठी आहे, मानसोपचारतज्ज्ञाची परवानगी आणि नोंद लागते आणि प्रतिनिधीला २४ तासांत कळवावं लागतं. सोयीसाठी बांधता येत नाही. 'कधीकधी करावंच लागतं हो' असं हसत सांगणाऱ्याकडे नोंदवही मागा.
- कुणी पडलं तर पुढच्या अर्ध्या तासात काय होतं? कोणतं हॉस्पिटल, कोण सोबत जातं?
- कोणत्या अवस्थेतल्या रुग्णाला तुम्ही 'घेऊन जा' म्हणता? अंथरुणाला खिळल्यावर, नळी लागल्यावर, मारायला लागल्यावर?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर टाळलं गेलं तर समजा की दोन वर्षांनी हीच शोधाशोध पुन्हा करावी लागणार.

तपासा: तिथे आलेल्या एखाद्या नातेवाइकाशी गेटबाहेर पाच मिनिटं बोललात का? नसेल तर भेट पूर्ण झालेली नाही.

## टप्पा ७: करार आणि खरं बिल

माहितीपत्रकातली फी म्हणजे खर्च नव्हे. डायपर, स्वतंत्र मावशी, फिजिओ, औषधं, लॉन्ड्री, हॉस्पिटलला सोबत जाणारा माणूस हे बहुधा वेगळं लागतं. एखाद्या रुग्णाचं नाव झाकून मागच्या महिन्याचं प्रत्यक्ष बिल दाखवा, असं म्हणा. ते दाखवायला खळखळ झाली तर तीही माहितीच आहे.

करारात हे लिहिलेलं हवं: डिपॉझिट किती दिवसांत परत, रुग्ण हॉस्पिटलमध्ये असताना फी पूर्ण की कमी, वर्षाला वाढ किती, दोन्ही बाजूंनी नोटिशीची मुदत, भेटीच्या वेळा आणि नवं झोपेचं किंवा शांत करणारं औषध सुरू करण्याआधी तुम्हाला फोन करण्याची अट. पहिला महिना तात्पुरता मुक्काम म्हणून ठेवा. चांगली केंद्रं याला हरकत घेत नाहीत.

## टप्पा ८: नेण्याचा दिवस

सकाळी न्या, जेवणाच्या आधी पोहोचा. नेहमीची गोधडी, जपमाळ, जुना रेडिओ, लग्नातला फोटो, मापाच्या चपला. दागिने घरी. चष्मा, कवळी आणि श्रवणयंत्रावर नाव.

सोबत एक पान द्या: कोणत्या नावानं हाक मारलेली आवडते, चहा किती गोड, कशाला घाबरतात, काय गुणगुणतात, पूर्वी काय काम करत. 'काकू पहाटे पाचला उठून सडा घालायच्या' हे माहीत असलेली मावशी त्यांच्या पहाटेच्या धडपडीला 'त्रास' म्हणणार नाही.

'घरी कधी जायचं?' याला सगळ्यांनी एकच उत्तर द्यायचं, उदाहरणार्थ 'डॉक्टरांनी थोडे दिवस इथे राहायला सांगितलंय.' एकानं 'उद्या' आणि दुसऱ्यानं 'आता इथेच' म्हटलं की रात्रभर येरझाऱ्या सुरू होतात.

सावध: काही केंद्रं 'पंधरा दिवस भेटायला येऊ नका, रुळू द्या' असं सांगतात. भेटी थोड्या आणि छोट्या ठेवायला हरकत नाही, पण फोन, व्हिडिओ किंवा लांबून बघणंही बंद असेल तर ते मान्य करू नका.

## टप्पा ९: नंतरची नजर आणि तुमचा आधार

पहिले सहा आठवडे दर भेटीत चार गोष्टी बघा: वजन, पाठ आणि टाचांची कातडी, औषधांचा तक्ता, नखं. वजनाचा आकडा तारखेसह वहीत लिहा. वजन उतरत असेल तर भरवणं, गिळणं आणि कवळी तपासायला सांगा. पाठीवर न जाणारा लाल डाग दिसला तर त्याच दिवशी बोला. बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, खोल गेला की महिनोन्‌महिने भरत नाही.

तक्रार आधी तोंडी, मग ईमेलनं, तारीख घालून. उत्तर आलं नाही तर जिल्ह्यासाठीच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे जाता येतं, एल्डरलाइनही मदत करते. मारहाणीचा संशय असेल तर फोटो काढा, दुसऱ्या डॉक्टरकडून तपासून घ्या आणि थेट पोलिसांकडे जा. केंद्राच्या 'अंतर्गत चौकशी'ची वाट बघू नका.

काळजीवाहकांच्या गटात जाणं दाखल केल्यावर बहुतेक जण थांबवतात, आणि नेमकं तेव्हाच घर खायला उठतं. नातेवाईक 'शेवटी ठेवलंच' म्हणतात, त्याचं उत्तर घरात सापडत नाही. गटातल्या एखाद्या बाईनं तेच ऐकलेलं असतं. निदान पहिले काही महिने तरी जात राहा. बैठकीत ठरलेली आढाव्याची तारीख आली की पुन्हा सगळ्यांना बोलवा, वजनाची वही आणि महिन्याची बिलं समोर ठेवा, आणि तात्पुरता मुक्काम पुढे चालवायचा की दुसरं केंद्र बघायचं ते त्यावरून ठरवा.